बाटलीत काय आहे ते सांगायचं

अंबुजाक्का, ज्यांच्यामुळे मी उभा राहिलो त्यांची नावं घ्यायची झाली तर पहिलं नाव तुमचं येतं. आईवडिलांच्या आधी तुमचं नाव लिहिलेलं तुम्हांला आवडलं नसतं. "हे काय रे, आधी आईला नमस्कार कर," म्हणून तुम्ही कागद परत केला असता. पण आईवडिलांनी दिलं ते घेऊन मी मद्रासला आलो, आणि त्याचं पुढं करायचं काय हे तुम्ही दाखवलंत. म्हणून आजच्यापुरता क्रम बदलतो.

तुम्हांला जाऊन अजून महिना झाला नाही. नुंगंबाक्कमला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बस थांबली की मी सवयीनं उठतो. परवा तर उतरलोही. मग तिथंच उभा राहून मागच्या बसची वाट पाहिली.

इथल्या मराठी मंडळींनी त्यांच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. तुमचं शिक्षण, पदव्या, कोणत्या साली कोणत्या जागेवर होतात, हे सगळं तुमचे धाकटे भाऊ माधवराव लिहून देणार आहेत. ते मला जमणार नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे.

पहिला दिवस तुम्हांला आठवत असेल. मी करमाळ्याच्या शाळेत शिकलेला, सोलापुरात बी.एस्सी. झालेला. वडील शिंपी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. मामा पेरांबूरला रेल्वेच्या कारखान्यात होते, त्यांच्या आधारानं मद्रासला आलो आणि गिंडीच्या सरकारी प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. साहेबांनी विषाणू विभागात पाठवलं. वाटेत मी इंग्रजीतली चार वाक्यं मनात जुळवत होतो. आत पांढऱ्या कोटातल्या एक बाई अंड्यांच्या ट्रेवर वाकून बसल्या होत्या. माझं पहिलं वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा तुम्ही मान वर केलीत.

"तू मराठी की? मग मराठीत बोल. उभा राहून काय करून घेत आहेस? ये, दिवा धर."

मला वाटलं, कुणीतरी जुन्या बखरीतून बोलतंय. तंजावरला मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही 'मज', 'तुज' म्हणायचात, वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढायचात, आणि एखादी गोष्ट पटली की 'शरी' म्हणून ती संपवायचात. मी हसू दाबत होतो ते तुम्ही पाहिलंत. "हसतोस काय? तुझी मराठी वर्तमानपत्रासारखी आहे. वाचून झाली की घडी घालून ठेवावी अशी."

मग त्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही अंडं दिव्यासमोर धरलंत. कवचाआड तांबड्या शिरांचं जाळं पसरलेलं होतं आणि मधोमध एक ठिपका हलत होता. विषाणू नुसत्या द्रवात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते, म्हणून आम्ही तो उबवायला ठेवलेल्या अंड्यात वाढवतो, हे तुम्ही मला त्या दिव्याच्या उजेडात सांगितलंत. ज्या बाईंनी जन्मात अंडं तोंडात घातलं नाही त्या रोज शेकडो अंडी हाताळतात, याचं मला इतकं नवल वाटलं की मी विचारून बसलो.

"खायचं नाही म्हणजे शिवायचं नाही, असं कोणी सांगितलं?" तुम्ही म्हणालात. "मी माणसंही खात नाही."

पुढं वडील एकदा मद्रासला आले. मुलगा सरकारी नोकरीत काय करतो ते त्यांना पाहायचं होतं, आणि दारातून आत यायला ते लाजत होते. तुम्ही त्यांना तुमच्या खुर्चीवर बसवलंत आणि मला न सांगता तेच अंडं-दिव्याचं दर्शन घडवलंत. वडिलांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हे तर रेशमाचं भरतकाम आहे. उलट्या बाजूनं पाहिलेलं." तुम्ही त्यांच्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलंत. त्यानंतर कुणीही पाहुणा आला की त्याला सांगायचात, "आमच्या वसंताचे वडील म्हणतात तसं, उलट्या बाजूचं भरतकाम." वडील गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. चार दिवसांनी तुम्ही कुणालातरी ते वाक्य सांगत होतात, तेव्हा आलं.

आता भांडणाकडे येतो.

सत्तावन्न सालचा मे महिना. कत्तिरीचं, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याचं, ऊन इतकं होतं की अंडी गाडीतून आणेपर्यंत निम्मी मरायची. सिंगापूरहून आलेल्या बोटीवर माणसं तापानं पडली होती आणि बंदरावर शेड उभारून त्यांना वेगळं ठेवलं होतं. जगभर पसरत चाललेला नवा फ्लू मद्रासच्या धक्क्याला लागला होता. बंदरातल्या रुग्णांचे नमुने मिळत होते. पण ताप शेडमध्ये थांबला की शहरात शिरला, हे कळायला हवं होतं. त्यासाठी शहरातला रुग्ण हवा होता, तोही तापाच्या पहिल्या दिवसांतला, कारण नंतर घशातला विषाणू हाती लागत नाही.

असा रुग्ण मिळाला. तिरुवल्लिकेणीतल्या तुळसाबाईंचा मुलगा. बंदराच्या कचेरीत कारकून, आणि ताप आदल्या दिवशीच चढलेला. घर तुमच्यासारखंच तंजावरी मराठी. मी बाटल्यांची पेटी घेऊन तुमच्यामागं चाललो होतो आणि मनातून इतका आनंदलो होतो की त्याची लाज वाटावी.

नमुना घ्यायची तेव्हाची रीत साधी होती. रुग्णाला एक पातळ द्रव द्यायचा, त्यानं घशापर्यंत गुळण्या करून तो बाटलीत परत टाकायचा. नुसत्या पाण्यात विषाणू टिकत नाही म्हणून त्या द्रवात मांसाचा अर्क असायचा. आमच्याकडं तो बैलाच्या काळजापासून करत. पिवळसर, निवळ, वास जवळजवळ नाहीच. पाहून कुणाला काही कळलं नसतं.

मुलगा उठून बसला, त्यानं पेला हातात घेतला. दारात तुळसाबाई सोवळ्यात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे कसलं पाणी?"

माझ्या ओठावर आलं होतं, औषधाचं. पण तुम्ही आधी बोललात. "आई, यात मांसाचा अर्क आहे. बैलाच्या काळजाचा. गिळायचा नाही, नुसत्या गुळण्या करून बाटलीत टाकायचा. तुम्ही नको म्हणालात तर नको."

नको म्हणणं राहिलं बाजूला. तुळसाबाईंनी मुलाच्या हातातला पेला खाली ठेववला, तो ज्या चटईवर ठेवला ती चटई बाहेर टाकवली, आणि आपल्याला ओट्यावरून खाली उतरवलं. "आपल्यातली म्हणून दार उघडलं," त्या म्हणाल्या, "आणि हे आणलंस?"

बसच्या थांब्यापर्यंत मी पेटी उचलून तुमच्यामागं आलो. तिथं पोचल्यावर मात्र राहवलं नाही.

"अक्का, सांगायची काय गरज होती?"

"चूळ कोणी भरायची होती? तिच्या मुलानं की तू?"

"औषधाचं पाणी म्हटलं असतं तर ते खोटं कुठं होतं?"

"खोटं नव्हतं. म्हणून तर ते अधिक वाईट. खोटं बोलणाऱ्याला निदान ठाऊक असतं आपण खोटं बोललो."

"शहरात हजारो माणसं पडतील. एका चुळीनं कळलं असतं."

"आज एक चूळ मिळाली असती. उद्या ते कळलं असतं तर त्या गल्लीत एक दार उघडलं नसतं."

"आणि कळलंच नसतं तर?"

तुम्ही पेटी माझ्या हातातून घेतलीत. माझा हात भरून आला होता हे तुमच्या लक्षात आलं होतं. "मग मज ठाऊक असतंच की," तुम्ही म्हणालात.

मला ते पटलं नाही. मी गरिबाघरचा मुलगा. साथ आली की काय होतं ते मी गावात पाहिलं होतं. तिथं बाटलीत काय आहे हे विचारणारं कुणी नसतं आणि सांगणारंही. मला वाटलं, हे खरं बोलणं म्हणजे शिकल्यासवरल्या घरचा शौक आहे. हे मी तुम्हांला नंतर सांगितलंही. तुम्ही रागावला नाहीत. "असेल," म्हणालात, "पण तुझ्या गावात कोणी विचारत नाही म्हणून सांगायचं नाही, हा कोणता न्याय?"

त्या दुपारी तुम्ही जेवला नाहीत. मांसाच्या अर्काऐवजी दुधात विषाणू टिकतो का ते पाहायला दूध आणवलंत, साय काढलीत, वाफेवर निर्जंतुक करून मिठाच्या पाण्यात मिसळलंत, आणि बंदरावरच्या एका नमुन्यातला थोडा भाग त्यात घालून अंड्यांत टोचलात. साहेब म्हणाले, दुधानं काम होईल पण या उन्हात नासेल. तुम्ही म्हणालात, बर्फात नेऊ. अंड्यांचा निकाल यायला वेळ होता आणि मुलाचा ताप वाट पाहणार नव्हता. त्यामुळे निकालाआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, आपण पुन्हा तुळसाबाईंच्या ओट्याखाली उभे होतो. मला वाटत होतं, त्या बादलीभर पाणी ओततील.

"आज काय आणलंस?"

"दूध, मीठ, पाणी. नंतर बाटलीत पेनिसिलीन पडेल. ते तोंडात जायचं नाही."

"कालचं नाही?"

"कालचं नाही."

"हे खरं कशावरून?"

"आई, मज खोटं सांगायचं असतं तर कालच सांगून मोकळी झाले असते. आज ऊन खात उभी राहिले नसते."

तुळसाबाईंनी तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आणि हा कोण?"

"महाराष्ट्रातला आहे."

"म्हणून असा बघतो," त्या म्हणाल्या. "शरी. आत या. पेला खाली ठेव, हातात देऊ नकोस."

मी पेला जमिनीवर ठेवला, मागं सरलो, त्यांनी तो उचलून मुलाला दिला. बाटलीचंही तसंच. माझा हात कशाला लागत नाही ना, यावर त्यांची करडी नजर होती. तुम्ही माझ्या कानाशी आलात. "बघून ठेव. आपल्या टोचणीच्या खोलीत तू याच्या निम्मं सोवळं पाळलंस तरी पुष्कळ." मला हसू आलं आणि बाटली हलली. तुळसाबाई ओरडल्या, "सांडलंस तर माझा मुलगा पुन्हा चूळ भरणार नाही!" मुलगा तापातही हसला.

निघताना त्यांनी मागच्या भिंतीवरून शेजारच्या घरात हाक दिली. काय म्हणाल्या ते मला तेव्हा पूर्ण कळलं नाही. तुम्ही वाटेत सांगितलंत. म्हणाल्या होत्या, "ही बाई सांगते काय ते. येऊ द्या." त्या आठवड्यात त्या गल्लीतून आपल्याला मिळाले तेवढे नमुने बंदराबाहेर दुसरीकडं कुठंही मिळाले नाहीत.

त्या मुलाच्या नमुन्याची अंडी उघडली तो दिवस मी विसरणार नाही. अंड्यातला द्रव कोंबडीच्या रक्तपेशींत मिसळून काचेच्या वाट्यांत ठेवला होता. विषाणू नसेल तर पेशी खाली बसून तळाशी लाल ठिपका होतो. असेल तर पेशी एकमेकींना धरून राहतात आणि तळभर पातळ पडदा पसरतो. तुम्ही वाट्यांवर वाकलात. ठिपका नव्हता. ताप शहरात शिरला होता, आणि आता आपल्याला ते ठाऊक होतं. तुम्ही आनंदानं ओरडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "बिचारी तुळसाबाई. आता सगळी गल्ली पडणार."

इथं मी गप्प बसलो असतो तर भांडण मिटलं असतं आणि तुम्ही जिंकला असता. पण त्याच साथीत, नमुन्यासाठी गेलो त्या एका घरात, ती मुलगी भेटली. शाळेत जाणारी, अंगानं लहान, ताप उतरून पुन्हा चढलेला. तुम्ही मूळच्या डॉक्टर; छाती तपासलीत आणि आईबापांना आडपडदा न ठेवता सांगितलंत, फुप्फुसाला सूज आहे, रुग्णालयात न्या, उशीर केलात तर जिवाला धोका आहे. ती माणसं साथीच्या रुग्णालयाच्या नावानंच घाबरली. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप. शेजारी म्हणाले, पोरीला घेऊन गुम्मिडिपूंडीकडं कुठल्याशा खेड्यात नातेवाइकांकडं गेले. तुम्ही तिकडं दोनदा जाऊन आलात. ती सापडली नाही. तिचं काय झालं हे आपल्याला कधीच कळलं नाही.

पुढं इतकी वर्षं, आपण वाद घालायला लागलो की शेवटी मी तिच्यावर यायचो. "साधा ताप आहे, दोन दिवस रुग्णालयात ठेवू, असं म्हटलं असतं तर?" तुम्ही दुसरं काहीतरी काम काढायचात. मी ते का करत होतो? जिंकायला नव्हे. तुम्ही माझ्याशी बरोबरीनं भांडायचात, म्हणून मला तुमच्याशी भांडायला आवडायचं. मला आयुष्यात कुणीच बरोबरीचं मानलं नव्हतं. घरात मी फार शिकलेला, कचेरीत फार कमी. तुम्ही मात्र माझं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायचात, मग ते मोडून काढायचात. एम.एस्सी.ला बस म्हणून तुम्ही मागं लागलात तेव्हा मी म्हटलं, माझ्यानं होणार नाही. तुम्ही म्हणालात, "मजशी इतकी वर्षं भांडलास. परीक्षक काय मजपेक्षा भांडखोर असणार?" लग्नात माझ्याकडचं वडीलधारं माणूस म्हणून तुम्ही उभ्या राहिलात, आणि जेवणाच्या पंगतीत माझ्या मामांशी लसीवरून वाद घातलात.

मग यंदाचं, अडुसष्ट सालचं वर्ष. तुम्ही निवृत्त होऊन नुंगंबाक्कमला माधवरावांकडं राहत होतात. पूर्वेकडून पुन्हा नव्या फ्लूच्या बातम्या यायला लागल्या होत्या, हाँगकाँगचा म्हणून. मी तुम्हांला येऊन सांगायचो, तुम्ही नकाशा काढायला लावायचात. त्याच सुमारास तुमचं पोट दुखायला लागलं.

शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी माधवराव रुग्णालयाच्या जिन्यात बसले होते. सर्जननी पोट उघडून, पाहून, पुन्हा शिवलं होतं. यकृतातून काढलेल्या तुकड्याची काचपट्टी माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी मला दाखवली; मी तीच पाहून येत होतो. माधवरावांनी माझे दोन्ही हात धरले. "अक्काला अल्सर सांगितला आहे. तू दुसरं काही बोलू नकोस."

मी मान हलवली. आमच्याकडं असंच करतात. माझ्या वडिलांच्या वेळीही असंच केलं होतं, आणि त्यात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं.

घरी आल्यावर सगळे तुमच्याशी हसून बोलायचे. दीपावळीपर्यंत हिंडाफिरायला लागाल, म्हणायचे. तुमच्या वहिनी दार लोटून स्वयंपाकघरात कुजबुजायच्या. तुम्ही पडल्या पडल्या ऐकायचात आणि कुणालाच काही विचारायचा नाहीत. मलाही नाही. मी समोर बसलो की हाँगकाँगची चौकशी करायचात. माझ्या लक्षात आलं, तुम्ही मला अडचणीत घालायचं टाळत होता. ज्या घरात कुणी खरं बोलत नव्हतं, त्या घरात तुम्ही एकट्या पडला होतात, आणि तो एकटेपणा आम्हांला जड होऊ नये म्हणून हसत होतात. इतकी वर्षं मी ज्या बाजूनं भांडलो ती बाजू शेवटी जिंकली होती. तुमच्या खाटेशेजारी बसून मी ते जिंकणं पाहत होतो, आणि मला ते बघवेना.

मी माधवरावांना म्हटलं, अक्कांना सांगू या. ते माझ्यावर संतापले. "तुम्ही लोक बाटल्यांशी खरं बोलता. ही माझी बहीण आहे. मजहून मोठी. मज तिनं वाढवलं." मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी मला जायला सांगितलं. मी गेलो. मग एके दिवशी संध्याकाळी ते स्वतः गिंडीला आले, प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, "कालपासून ती मजला धीर देते आहे. मी लवकर बरी होईन, तू जेव, म्हणते." मग म्हणाले, "तू लिही. मज तोंडानं होणार नाही. मी नेऊन देईन."

पत्र त्यांनी सकाळच्या कॉफीबरोबर तुमच्या हातात दिलं आणि तिथंच उभे राहिले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत. मग चष्मा काढून म्हणालात, "माधवा, बस. तुज केव्हापासून ठाऊक?" ते रडायला लागले तेव्हा तुम्ही त्यांचं डोकं मांडीवर घेतलंत, आणि वहिनींना हाक मारून सांगितलंत, "आता दार लोटून बोलू नका. मज ऐकू येईल असं बोला."

त्यानंतरचे दिवस थोडे होते, पण घर पुन्हा मोठ्यानं बोलायला लागलं. तुम्ही झोपवून ठेवणारी सुई दिवसा घ्यायची बंद केलीत. माणसांना बोलावून घेतलंत. कुणाला रागावलात, कुणाचे आभार मानलेत, एका दूरच्या चुलतभावाला इतकी वर्षं बोलायचं राहिलेलं सगळं बोलून घेतलंत आणि मग त्याला जेवायला वाढायला सांगितलंत.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही पत्र उशीखालून काढलंत. "तुझी मराठी अजून वर्तमानपत्रासारखीच आहे," म्हणालात. मग, "म्हणजे हरलास की?"

"नाही अक्का," मी म्हटलं. "गुम्मिडिपूंडीची मुलगी अजून आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही दुसरं काम काढलं नाहीत. "आहे," तुम्ही म्हणालात. "मी तिला रोज सांगून बघते. कधी या शब्दांत, कधी त्या. अजून नीट सांगता आलं नाही." मग पत्र पुन्हा उशीखाली सरकवत, "खरं सांगायचं हे मज कळलं. ऐकणाऱ्याच्या हाती ते कसं ठेवायचं, हे पुरतं कळलं नाही. ते तू शोध."

ते मी शोधतो आहे. आता ताप मद्रासला पोचला आहे. सकाळी पेटी घेऊन निघतो तेव्हा बरोबर दोन नवी मुलं असतात. त्यातला एक तिरुच्चीजवळच्या खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. काल एका घरातून हाकलल्यावर तो बसच्या थांब्यावर माझ्यावर चिडला. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

तुमचे आभार मानायचे राहून गेले. तुम्ही असताना ते बोलणं परक्यासारखं वाटायचं. एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी प्रयत्न केला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, "शरी, शरी, वाट्या धुतल्या की?" तेव्हा मी वाट्या धुवायला गेलो.

माधवरावांनी पत्र तुमच्याबरोबरच चितेवर ठेवलं. मसुदा माझ्याकडं राहिला होता. तो त्यांना विचारून इथं देतो.

अंबुजाक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र माधवरावांना वाचून दाखवून मग तुमच्याकडं पाठवतो आहे. त्यांच्यापासून चोरून काही लिहिलेलं नाही.

अक्का, तुम्हांला अल्सर नाही. तुम्हांला कॅन्सर आहे. जठरात सुरू झाला आणि यकृतात पोचला आहे. शस्त्रक्रियेत गाठ काढता आली नाही. पोट पाहून पुन्हा शिवलं. यकृताच्या तुकड्याची काचपट्टी मी स्वतः पाहिली. शंकेला जागा मिळावी म्हणून पुन्हा पाहिली. जागा नाही.

किती दिवस, हे सर्जनना विचारलं. काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने, असं ते म्हणाले. याहून नेमकं त्यांनाही माहीत नाही. वेदना कमी ठेवता येतील, असं त्यांनी खात्रीनं सांगितलं. बरं करता येईल, असं सांगितलं नाही.

तुम्ही डॉक्टर आहात. यातलं पुष्कळ तुम्हांला आमच्याआधी कळलं असेल. तसं असेल तर आमच्यासाठी ते न कळल्यासारखं दाखवण्याचे कष्ट आता घेऊ नका.

माधवरावांवर रागावू नका. ते तुमच्या खोलीतून हसत बाहेर येतात आणि जिन्यात जाऊन बसतात. त्यांना तुमच्यासमोर रडता आलं तर बरं होईल.

मी रविवारी सकाळी येईन. तुम्हांला काही विचारायचं असेल तर विचारा, मला ठाऊक असेल ते सांगेन, नसेल तर ठाऊक नाही म्हणेन. काही विचारायचं नसेल तर नुसता बसेन.

एवढं लिहून झाल्यावर एक राहिलं. मला फार भीती वाटते आहे. समोर आलो की ती मी दाखवणार नाही, म्हणून इथं लिहितो.

तुमचा,
वसंता